अफवा आपली, मथळा परदेशी

भारतातल्या मोबाइलवरच्या अफवा आणि त्यांना आवरण्यासाठी आलेले नियम यांवर परदेशी वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरले ते 2018 मध्ये. गोव्याच्या वाचकाला मात्र यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत इथला मजकूर छापण्याआधी सेन्सॉरच्या हाताखालून जायचा, त्यामुळे गोव्याची खरी बातमी गोव्याबाहेरूनच यायची. नोव्हेंबर 1955 पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ या गुप्त रेडिओ केंद्रावरून ती देत राहिले. त्याच वर्षी 15 ऑगस्टला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा परदेशी वार्ताहर हजर होते म्हणून जगाला कळलं. बाहेरून आलेल्या बातमीला वजन असतं. तपशील मात्र वाटेत गळतात, आणि इंटरनेटच्या काळातही तेच होत आलं आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चा. त्यात 2008 च्या दुरुस्तीने कलम 66अ आलं; ‘त्रासदायक’ संदेश पाठवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. त्रासदायक म्हणजे काय, हे ठरवणार पोलीस ठाण्यातला अधिकारी! नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, आणि पालघर हे नाव परदेशी वाचकांपर्यंत पोचलं. 2014 मध्ये गोव्यातही मोदींविरोधी फेसबुक पोस्टवरून एकावर गुन्हा नोंदला गेला. अखेर 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलमच रद्द केलं.

अफवांचा धागा वेगळा. ऑगस्ट 2012 मध्ये ईशान्येकडचे हजारो लोक बंगळूर, पुणे सोडून रेल्वेने गावी निघाले. हल्ले होणार असल्याचे एसएमएस फिरत होते. सरकारने दिवसाला पाचच एसएमएस अशी मर्यादा घातली, ती पुढे 20 केली. शिवाय इंटरनेटवरची तीनशेहून अधिक पानं आणि खाती बंद करायला सांगितली. परदेशी मथळ्यांत गाजली ती बंदी. घाबरून गाडीत बसलेली माणसं बातमीच्या खालच्या परिच्छेदांत गेली.

सहा वर्षांनी पारडं उलटं फिरलं. 1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं. त्या काळात देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक मूळचा कराचीतला, मुलांच्या सुरक्षिततेची जाहिरात होता. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात, मग परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापून टाकला आणि उरलेला तुकडा पुढे ढकलला.

परदेशी बातम्यांत या साऱ्याला ‘व्हॉट्सअॅप लिंचिंग’ असं नाव पडलं. एका अर्थी त्याचा उपयोग झाला. कंपनी कॅलिफोर्नियातली, तिथल्या वाचकांसमोर नाव खराब झाल्यावर हालचाल लवकर होते. जुलैतच भारतीय दैनिकांत पानभर जाहिराती आल्या आणि फॉरवर्ड पाच ठिकाणांपुरता मर्यादित झाला. पुन्हा पाचच! जानेवारी 2019 मध्ये तो नियम जगभर लागू झाला. पण डवरी गोसावी कोण, भटक्या माणसाकडे गाव आधीपासूनच संशयाने का बघतं, हे त्या नावात मावलं नाही. दोष सगळा अॅपवर गेला, आणि सरकारलाही ते सोयीचंच होतं.

फेब्रुवारी 2021 चे माहिती तंत्रज्ञान नियम या पायावर उभे राहिले. त्यांत संदेश मुळात कुणी पाठवला हे शोधून देण्याची सक्ती अशा कंपन्यांवर आली. तिच्याविरुद्ध व्हॉट्सअॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. याच नियमांतले तातडीचे अधिकार वापरून जानेवारी 2023 मध्ये बीबीसीच्या मोदींवरच्या माहितीपटाचे दुवे रोखले गेले. इतकी वर्षं बातमी देणारेच आता बातमी झाले.

एप्रिल 2023 च्या दुरुस्तीने सरकारी तथ्य तपासणी कक्षाची तरतूद केली. ती सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. गोवाही याच न्यायालयाच्या अखत्यारीत येतो. या कक्षाचं काम ठरलं होतं केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीची खोटी माहिती शोधण्याचं. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा त्याच्या कक्षेत आलीच नसती.