व्हॅलेंटाईन डेमध्ये प्रेम आलं कुठून?

दर फेब्रुवारीत तीच स्टोरी फिरते, रोमच्या क्लॉडियस बादशहाने सैनिकांच्या लग्नावर बंदी घातली, व्हॅलेंटाईन नावाच्या पाद्रीने चोरून लग्नं लावली आणि त्याचं मुंडकं उडवलं. त्या काळातला एकही पुरावा या गोष्टीला नाहीये. १४ फेब्रुवारीला दोन व्हॅलेंटाईन स्मरले जायचे, एक रोमचा पाद्री, एक इटलीतल्याच तेर्नी गावचा बिशप, ते दोघं होते की एकच यावरही एकमत नाही, आणि पक्की माहिती इतकी कमी की १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने हा दिवस आपल्या जागतिक कॅलेंडरमधून काढला. लुपरकेलिया या रोमन सणाशीही नातं जोडतात, पण त्यात पुरुष बकऱ्याच्या कातड्याच्या पट्ट्या घेऊन पळायचे आणि मूल व्हावं म्हणून बायकांना त्या मारायचे, यात प्रेम कुठंय?

प्रेम आणलं ते कवींनी. साधारण १३८० नंतर इंग्लंडमध्ये जेफ्री चॉसरने 'पार्लमेंट ऑफ फाऊल्स' ही कविता लिहिली, त्यात सेंट व्हॅलेंटाईनच्या दिवशी सगळे पक्षी निसर्गदेवीसमोर जमून आपापला जोडीदार निवडतात. मग राजदरबारी लोकांनी हे उचललं आणि शंभरेक वर्षांत ते गावाकडच्या जमीनदार घरांपर्यंत पोचलं.

आणि इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. १४७७ चा फेब्रुवारी, इंग्लंडच्या नॉरफोक भागातली मार्जरी ब्रूज नावाची मुलगी, जॉन पास्टनशी लग्न ठरतंय पण अडलंय हुंड्यावर, तिचे वडील रक्कम वाढवायला तयार नाहीत. मार्जरीची आई जॉनला कळवते की शुक्रवारी सेंट व्हॅलेंटाईनचा दिवस आहे, प्रत्येक पक्षी जोडीदार निवडतो, तर तुम्ही गुरुवारी रात्रीच या, सोमवारपर्यंत राहा आणि माझ्या नवऱ्याशी बोला. म्हणजे चॉसरची कल्पना तोवर घरातल्या बोलण्यात आलेली होती. आणि मार्जरी स्वतः जॉनला आपला लाडका व्हॅलेंटाईन म्हणून पत्र पाठवते, तुमच्याकडून काही कळेपर्यंत ना तब्येत बरी ना मन, आईने वडिलांकडे खूप प्रयत्न केले पण यापेक्षा जास्त मिळणार नाही, तुमचं माझ्यावर प्रेम असेल तर एवढ्यासाठी मला सोडू नका, तुमच्याकडे आहे त्याच्या निम्मंही नसतं तरी मी तुम्हाला सोडलं नसतं. साडेपाचशे वर्षं होत आली तरी हे वाचताना पोटात तुटतं, आपल्याकडे बैठकीत देण्याघेण्यावरून अडलेली लग्नं ज्यांनी पाहिलीत त्यांना तर जास्तच. त्यांचं लग्न त्याच वर्षी झालं. इंग्रजीतलं सगळ्यात जुनं माहीत असलेलं व्हॅलेंटाईन पत्र हेच, आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे.

पुढे १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत कुठेही पत्र जायला लागलं आणि छापील कार्डांचा पूर आला. चॉकलेटचे नक्षीदार डबे रिचर्ड कॅडबरीने १८६० च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये काढले. अमेरिकेत वुस्टर गावच्या एस्थर हाऊलँडने वडिलांच्या स्टेशनरी दुकानात आलेलं इंग्लिश कार्ड बघून स्वतः लेसच्या कागदाची कार्डं बनवली, भाऊ सॅम्पल घेऊन फिरला, दोनशे डॉलरच्या ऑर्डरची आशा होती आणि आल्या पाच हजारांच्या, मग तिने मैत्रिणींना घरीच कामाला बसवलं, एकीने चित्रं कापायची, दुसरीने चिकटवायची, आणि हा धंदा तिने तीसेक वर्षं चालवला.