भरतीरेषा वेगळी, पूररेषा वेगळी

मावसभावासाठी बदलापूर पश्चिमेला रिसेलचा फ्लॅट बघायला गेलो होतो. तळमजल्यावरचा टू बीएचके, बाल्कनीतून उल्हास नदी दिसते आणि भाव आजूबाजूपेक्षा बराच कमी. आम्ही काही विचारायच्या आतच एजंटाने फाइलमधून एक पत्र काढून पुढे केलं. "सर, नदीकाठ म्हटलं की लोक सीआरझेडला घाबरतात. हे बघा, जागा सीआरझेडमध्ये येतच नाही." सीआरझेड म्हणजे 'कोस्टल रेग्युलेशन झोन', समुद्र-खाडीकाठच्या बांधकामावर बंधनं असलेला पट्टा.

पत्र खरं होतं, शिक्काही खरा होता. पण हॉलमधले सगळे प्लगपॉइंट छातीच्या उंचीवर होते, अगदी फ्रिजचासुद्धा. आणि भिंतीचा रंग कमरेपर्यंत ताजा, त्याच्या वर जुनाट पिवळट.

बदलापूरला सीआरझेड लागूच होत नाही. तिथे प्रश्न असतो पूररेषेचा, आणि त्याबद्दल त्या फाइलमध्ये एक कागद नव्हता. एजंट खोटं बोलला असं मला वाटत नाही. 'पाण्याजवळचा नियम' म्हणजे सीआरझेड, एवढंच त्याला ठाऊक असावं. कल्याण, डोंबिवली, ठाणे, बदलापूर या पट्ट्यात घर घेणाऱ्या निम्म्या लोकांची समजूत हीच असते.

सीआरझेड मोजतात ती भरतीरेषेपासून. उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जिथपर्यंत चढतं, ती ही रेषा. कायदा केंद्राचा, 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा. पहिली अधिसूचना 1991 ची, मग 2011 ची, सध्याची 18 जानेवारी 2019 ची. समुद्राला लागून भरतीरेषेपासून आत 500 मीटरपर्यंतची जमीन त्यात येते. खाडीला मात्र 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल तेवढीच. 2011 च्या अधिसूचनेत हेच अंतर 100 मीटर होतं. म्हणजे दहा वर्षांपूर्वी 80 मीटरवरची जी इमारत सीआरझेडमध्ये मोजली जायची, ती नव्या आराखड्यात बाहेर असू शकते. घर विकणाऱ्यांनी जुनं पत्र दाखवत बसण्यापेक्षा नवा नकाशा बघावा. कधी कधी फायदाच होतो.

पूररेषा आखतो राज्याचा जलसंपदा विभाग, आणि ती एक नसून दोन असतात. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पसरतो ती निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणारा जिथवर जातो ती लाल. नदीपात्र ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे बाग, मोकळं मैदान, पार्किंग असल्या गोष्टी चालतात, नवी राहती इमारत नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. राज्याच्या 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे तिथे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट, वर हवं.

आता गंमत अशी की उल्हास नदी आणि कल्याणची खाडी हे एकच पाणी. राजमाचीच्या डोंगरातून निघतं, कर्जत, बदलापूर करत कल्याणला येतं आणि पुढे डोंबिवली, ठाणे ओलांडून वसईला समुद्राला मिळतं. शहाड-मोहन्याला लोक 'नदी' म्हणतात, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखाली 'खाडी'. 1657 साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात याच दुर्गाडीच्या पायथ्याशी केली, कारण भरतीचं पाणी तिथपर्यंत येत होतं.

मग खाडी संपली आणि नदी सुरू झाली हे कायद्याने ठरवायचं कसं? मिठावरून. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम क्षार जिथपर्यंत सापडतात, तिथपर्यंत सीआरझेड. (समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम असतात.) आणि हे मोजायचं वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत, म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये, जेव्हा वरून गोडं पाणी जवळजवळ येत नाही आणि खारं पाणी आत लांबवर शिरतं.

इथेच दोन्ही रेषांची फारकत होते. सीआरझेड आत कुठवर जाणार हे मे महिन्याचं पाणी ठरवतं, पूररेषा कुठवर जाणार हे जुलैचं. किनारा, कांदळवन, मासळी सांभाळायची म्हणून सीआरझेड आहे. तुमच्या हॉलमध्ये पाणी येईल का, हा तिचा विषयच नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कल्याण-बदलापूर बुडालं. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. त्या रुळांना सीआरझेडने कधी शिवलेलं नाही.

2019 च्या अधिसूचनेत 'धोकारेषा' नावाची आणखी एक रेषा आहे, भारतीय सर्वेक्षण विभागाने आखलेली. ती आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी आहे, तिच्यावरून बांधकाम परवानगी अडत नाही. तिलाच कोणी पूररेषा समजून बसतं, म्हणून हा उल्लेख.

'25 वर्षांतून एकदा' या शब्दांनी तर फारच घोळ घातलाय. एजंट सांगतात, "2005 ला आला, 2019 ला आला, आता वीसएक वर्षं निवांत." पूर कॅलेंडर बघून येत नाही. 25 वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात चार शक्यता, यंदा येऊन गेला तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच. वीस वर्षांचं गृहकर्ज धरलं तर हप्ते संपेपर्यंत निळ्या रेषेवरच्या घराला निदान एकदा पाणी लागण्याची शक्यता 56 टक्के निघते. लाल रेषेवरच्या घराला 18 टक्के. मी हा हिशोब भावाला परतीच्या लोकलमध्ये मोबाइलवर करून दाखवला. तो अंबरनाथपर्यंत गप्प होता.

उलटी बाजूही बघा. डोंबिवली पश्चिमेला खाडीकडे एका मित्राची सोसायटी आहे, जुनी तीन मजली. झोन दाखल्यात (जागा विकास आराखड्यात कशासाठी दाखवली आहे, ते सांगणारा पालिकेचा कागद) पूररेषेचा शेरा नाही म्हणून मंडळी निर्धास्त. रिडेव्हलपमेंटची बोलणी पुढे गेली, आणि बिल्डरच्या आर्किटेक्टने कुंपणामागच्या हिरवळीकडे बोट दाखवलं. तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं. 1000 चौरस मीटरपेक्षा मोठं कांदळवन असेल तर त्याच्याभोवती 50 मीटरचा पट्टा सीआरझेडच्या सगळ्यात कडक वर्गात जातो. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर कांदळवन कुणाच्याही मालकीच्या जमिनीवर असलं तरी त्याला हात लावता येत नाही. जुने रहिवासी सांगतात, पूर्वी तिथे खाजण होतं, म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवलेली जमीन. खारबांध फुटला, उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) निकामी झाली, खारं पाणी आत आलं आणि पाठोपाठ तिवरं. 1991 च्या आधीचा बांध असला तर भरतीरेषा बांधावरच थांबवतात, पण बांधाच्या आत रुजलेल्या तिवरांना ती सवलत मिळत नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये पाण्याचा थेंब आलेला नाही. रिडेव्हलपमेंट मात्र अडून आहे.

कागद कुठे मागायचे? पूररेषेसाठी पालिकेच्या नगररचना विभागात सर्वे नंबर आणि हिस्सा नंबर देऊन झोन दाखला व भाग नकाशा काढायचा. निळी-लाल रेषा विकास आराखड्यावर उतरवलेली असेल तर त्यात दिसते. नसेल तर जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा मागायचा. 'दाखल्यात शेरा नाही' आणि 'जागा पूररेषेबाहेर आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे तेवढं पक्कं लक्षात ठेवा. सीआरझेडसाठी किनारा व्यवस्थापनाचा आराखडा बघायचा, तोही 1:4000 चा. 1:25000 च्या नकाशात 50 मीटर म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. पेन्सिलीच्या जाड रेघेत तुमची बाल्कनी आत की बाहेर ते कळणार नाही. नवी इमारत असेल तर महारेराच्या संकेतस्थळावरून बांधकाम परवानगी उतरवून घ्या आणि मागच्या पानावरच्या अटी वाचा. जोत्याची पातळी, सीआरझेडची ना हरकत, सगळं तिथेच बारीक अक्षरात असतं.

"बँकेने लोन पास केलंय" हा पुरावा धरू नका. बँकेचा वकील सर्च रिपोर्टमध्ये मालकीची साखळी तपासतो, पाण्याची पातळी नाही.

विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीत न सापडणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्याचं काम आहे. घरात शिरलेलं पाणी रंगाखाली झाकलं तर उद्या तेच अंगाशी येऊ शकतं. त्यापेक्षा सांगून भाव कमी केलेला बरा.

बदलापूरच्या त्या इमारतीतून निघताना मी वॉचमनला विचारलं, 2019 ला पाणी कुठपर्यंत होतं? त्याने उत्तर दिलं नाही; उठून गेटपाशी गेला आणि खालून पाचव्या आडव्या पट्टीवर हात ठेवला. भावाने आधी गेटकडे पाहिलं, मग मागे वळून पहिल्या मजल्याच्या बाल्कनीकडे, आणि एजंटाला विचारलं, "वर काही रिकामं आहे का?"