वायफाय शोधातील मॅक पत्त्याचे यादृच्छिकीकरण

आसपासची वायफाय नेटवर्क शोधताना फोनने किंवा लॅपटॉपने आपला कायमचा हार्डवेअर पत्ता न सांगता तेवढ्यापुरता बनवलेला पत्ता वापरण्याची पद्धत. खिशातल्या फोनवरून माणसाचा माग काढता येऊ नये, हा तिचा हेतू.

प्रत्येक वायफाय चिपला कारखान्यातच ४८ बिटांचा हा कायमचा पत्ता, म्हणजे मॅक पत्ता, मिळतो. तो १२ षोडशमान अंकांत (० ते ९ आणि ए ते एफ) लिहितात. साधारणपणे त्यातले पहिले ६ अंक आयट्रिपलई ही संस्था कंपनीला नेमून देते आणि उरलेले कंपनी भरते. त्यामुळे नुसत्या पत्त्यावरूनही उपकरण कोणत्या कंपनीचे, याचा अंदाज येतो.

राउटर सेकंदाला सुमारे १० वेळा आपली ओळख हवेत सोडत असतो आणि फोन ती गुपचूप ऐकू शकतो. पण वाट पाहण्यापेक्षा विचारून मोकळे होणे लवकर उरकते, म्हणून फोन एकेका चॅनलवर जाऊन ‘इथे कोणी आहे का’ अशी विचारणा पाठवतो. हिला प्रोब रिक्वेस्ट म्हणतात. ती कूटबद्ध नसते, तिच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो आणि फोन कुठल्याच नेटवर्कला जोडलेला नसला तरी ती जातच राहते.

समजा, इंदूरला राजवाड्यापाशी एक आणि सराफ्याच्या तोंडाशी एक असे दोन साधे वायफाय रिसीव्हर कोणी ठेवले. खरा पत्ता सांगणारा फोन रात्री साडेनऊला पहिल्याच्या नोंदीत दिसेल, पावणेदहाला दुसऱ्याच्या. सोन्याचांदीची दुकाने बंद होऊन भुट्ट्याचा कीस आणि गराडूचे ठेले लागल्यावर तो तिथे किती वेळ रेंगाळला, पुढच्या शनिवारी पुन्हा आला का, त्याच्या सोबतीला दर वेळी तोच दुसरा फोन असतो का, हे सगळे फोनच्या मालकाला न विचारता कळेल. ही कल्पनेची भरारी नव्हे. २०१३ साली लंडनच्या सिटी भागात जाहिरातीचे पडदे लावलेल्या कचरापेट्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या फोनची अशीच नोंद घेत होत्या. बोभाटा झाल्यावर तिथल्या नगर प्रशासनाने ते थांबवायला लावले. असे पत्ते ‘हॅश करून’, म्हणजे गणिती सूत्राने उलट न फिरवता येणाऱ्या खुणेत बदलून साठवतो, हा खुलासा नेहमी ऐकू येतो. त्यात फारसा दम नाही: शक्य पत्त्यांची संख्या मर्यादित असते, कंपन्यांचे पूर्वांक जाहीर असतात, आणि संगणकाला सगळे हॅश करून ताडून पाहायला फार वेळ लागत नाही.

बनावट पत्त्यात दोन बिट ठरलेले असतात. एक तो एकाच उपकरणाचा असल्याचे सांगतो, दुसरा तो स्थानिक पातळीवर बनवल्याचे. म्हणून अशा पत्त्याचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई यांपैकीच असतो. उरलेल्या ४६ बिटांतून ७० लाख कोटींहून अधिक पत्ते निघतात.

ॲपलने आयओएस ८ मध्ये, २०१४ साली, ही सोय आणली. सुरुवातीला ती फोन झोपेत असतानाच चाले. त्याच वर्षी लिनक्सच्या ३.१८ कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) आणि पुढच्या वर्षी विंडोज १० व अँड्रॉइड ६ मध्ये ती आली. मात्र नेटवर्कला जोडताना फोन अजूनही खरा पत्ता देत. प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा पत्ता, तोही आपोआप, ही सोय अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) यांनी दिली.

पत्ता बदलला म्हणजे फोन अनोळखी झाला असे नाही. अशा प्रत्येक विचारणेवर ० ते ४०९५ असा फिरता अनुक्रमांक असतो. एका पत्त्यावरून १२०७, १२०८ गेले आणि लगेच ‘नव्या’ पत्त्यावरून १२०९ आला, तर दोन्ही एकच, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. शिवाय कोणते वेग चालतात, कोणत्या सुविधा आहेत यांची यादी विचारणेत असते आणि ती मॉडेलगणिक बदलते; चेहरा झाकलेला माणूस चालीवरून ओळखावा तसा फोन तिच्यावरून ओळखू येतो. २०१७ साली अमेरिकी नौदल अकादमीच्या संशोधकांनी तर दाखवले की खऱ्या पत्त्यावर विशिष्ट नियंत्रण फ्रेम (वायफायचा छोटा तांत्रिक संदेश) पाठवली, की बनावट पत्त्याआड असलेला फोनही तिला उत्तर देतो.

सर्वांत दुर्लक्षित गळती मात्र घरातूनच होते. राउटरचे नाव लपवले की वायफाय सुरक्षित, अशी सोसायट्यांमध्ये ठाम समजूत असते. लपलेला राउटर नाव सांगत नाही, म्हणून मग फोनलाच त्याला नावाने हाका माराव्या लागतात, आणि त्या तो घरी रामबागेत मारतो तशाच रेल्वे स्टेशनवरही मारतो. नावात आडनाव आणि फ्लॅट क्रमांक असला तर पत्ता यादृच्छिक असून काय उपयोग? नाव उघडे ठेवून पासवर्ड भक्कम ठेवणे केव्हाही बरे.

नेटवर्क सांभाळणाऱ्या व्यवस्थापकांची तक्रार वेगळी आहे. इंदूरच्याच भंवरकुआंकडच्या एखाद्या विद्यार्थी वसतिगृहात मॅक पत्त्यांची यादी करून प्रवेश दिला जात असेल, तर नेटवर्क ‘विसरून’ पुन्हा जोडलेला फोन काही वेळा परका ठरतो. अशा ठिकाणी त्या एका नेटवर्कपुरती ही सोय सेटिंगमधून बंद करता येते. शोधाच्या वेळचे पत्ते तरीही बदलतच राहतात. उलट, मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागणाऱ्या मोफत वायफायवर एकदा लॉगिन केले, की वापरणारा कोण हे ते चालवणाऱ्याला क्रमांकावरूनच कळते. तिथे मॅक पत्ता खरा की खोटा, याने काही अडत नाही.