कर्लिंग : पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

कर्लिंग : बर्फावर खेळला जाणारा सांघिक खेळ. घासून गुळगुळीत केलेला ग्रॅनाइटचा जड दगड बर्फाच्या लांबट पट्टीवरून घसरवत सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला आखलेल्या वर्तुळांच्या केंद्राजवळ नेऊन थांबवायचा, हे त्याचे थोडक्यात स्वरूप. खेळ मूळचा स्कॉटलंडमधला. पुढे तो सर्वांत खोलवर रुजला कॅनडात. नवख्या माणसाला लवकर सामावून घेणारा हिवाळी खेळ अशी त्याची ख्याती आहे आणि ती बव्हंशी रास्त आहे. स्कीइंग किंवा स्केटिंगमध्ये सुरुवातीचा बराच काळ तोल सावरण्यातच जातो. कर्लिंगमध्ये तासाभराच्या तालमीनंतर गुण मोजून छोटा सामना खेळता येतो. मात्र सोपी आहे ती सुरुवात. दगड सोडणे एका दुपारी जमते. तो हव्या त्या जागी थांबवणे अनेक हंगाम खेळलेल्यांनाही दरवेळी साधत नाही.

मैदान व दगड : खेळाच्या पट्टीला ‘शीट’ म्हणतात. तिची लांबी ४५.७२ मीटर आणि रुंदी जास्तीत जास्त ५ मीटर असते. दोन्ही टोकांना एकात एक अशी वर्तुळे रंगवलेली असतात. त्यांना मिळून ‘हाउस’ म्हणतात. त्याचा व्यास ३.६६ मीटर असतो आणि अगदी मधल्या लहान वर्तुळाला ‘बटन’ हे नाव आहे. केंद्रातून आडवी जाते ती ‘टी लाइन’, तिच्यापुढे सुमारे ६.४ मीटरवर जाड ‘हॉग लाइन’, तर हाउसच्या मागच्या कडेला ‘बॅक लाइन’. तिच्याही मागे पायाला रेटा देण्यासाठी बसवलेला रबरी आधार म्हणजे ‘हॅक’.

दगडाचे वजन नियमानुसार १७.२४ ते १९.९६ किलोग्रॅमच्या दरम्यान असते. हे आकडे ऐकून नवखा माणूस बिचकतो. पण दगड उचलायचा नसतोच, तो सदैव बर्फावरच राहतो. त्याचा तळही सपाट नसून खोलगट असतो आणि बर्फाला टेकते ती फक्त एक अरुंद गोल कडा. लहान मुलांसाठी निम्म्याच्या आसपास वजनाचे दगड मिळतात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील एल्सा क्रेग या निर्मनुष्य बेटावरचा ग्रॅनाइट या कामासाठी नावाजलेला आहे. तिथला ‘ब्लू होन’ हा प्रकार पाणी अत्यल्प शोषतो. दगडात मुरलेले पाणी गोठून फुगले की कपचे उडतात. ते टाळायचे म्हणून बर्फाला टेकणारा भाग ब्लू होनचा केला जातो. वेल्समधील ट्रेफोर येथील खाणीतला ग्रॅनाइटही वापरात आहे.

बर्फाचा पृष्ठभाग : कर्लिंगचा बर्फ स्केटिंगच्या बर्फासारखा चकचकीत सपाट नसतो. सामन्यापूर्वी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते गोठून पृष्ठभागावर असंख्य उंचवटे तयार होतात; त्यांना ‘पेबल’ म्हणतात. दगड या उंचवट्यांच्या माथ्यांवरून सरकतो, म्हणून इतका जड असूनही माफक रेट्यावर पट्टीच्या टोकापर्यंत पोहोचतो. पेबल नसेल तर घर्षण वाढते आणि दगड वाटेतच अडतो. खेळ पुढे सरकतो तसे हे माथे झिजतात, त्यामुळे पहिल्या डावातला अंदाज शेवटच्या डावात उपयोगी पडत नाही. पट्टीवर हात किंवा गुडघा टेकवून बसू नका, असे प्रशिक्षक वारंवार बजावतात त्याचे कारणही हेच: अंगाच्या उष्णतेने तिथला बर्फ वितळतो आणि पुढचा दगड नेमका तिथे भरकटतो.

पुष्कळांची कर्लिंगशी पहिली भेट आइस हॉकीच्या रिंकवर होते. तिथला बर्फ क्वचितच समतल असतो. दगड सखल भागाकडे ओढला जातो आणि कधी कधी वळायच्या नेमक्या उलट दिशेला जातो. अशा ठिकाणी आलेल्या अपयशावरून स्वतःची पारख करू नये. कर्लिंगसाठीच राखलेल्या बर्फावर तोच माणूस बराच चांगला खेळतो.

डाव आणि गुण : प्रत्येक संघात चार खेळाडू असतात. प्रत्येकाने दोन दगड टाकायचे, तेही प्रतिस्पर्ध्याशी आलटूनपालटून. असे सोळा दगड पडले की एक ‘एंड’ म्हणजे डाव संपतो. मग हाउसमध्ये केंद्राच्या सर्वांत जवळ कोणाचा दगड आहे ते पाहतात. गुण फक्त त्याच संघाला मिळतात. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम दगडाहून केंद्राच्या अधिक जवळ असलेल्या त्यांच्या प्रत्येक दगडाला एक. ऑलिंपिकमध्ये चौघांच्या संघांचे सामने दहा डावांचे असतात, क्लबमध्ये सहसा आठ किंवा सहा डावांचे. आठ डावांना साधारण दोन तास लागतात.

डावातला शेवटचा दगड टाकण्याच्या हक्काला ‘हॅमर’ म्हणतात आणि खेळातले बरेचसे डावपेच त्याच्याभोवती फिरतात. गुण मिळवणाऱ्या संघाला पुढच्या डावात हा हक्क सोडावा लागतो. म्हणून हॅमर हाती असताना एकच गुण मिळवण्यापेक्षा डाव मुद्दाम कोरा सोडून हॅमर राखणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे विचित्र वाटते: जिंकायला आलेला संघ आपलाच शेवटचा दगड हाउसच्या बाहेर काढतो! याशिवाय डावातले पहिले पाच दगड पडेपर्यंत हॉग लाइन आणि टी लाइन यांच्यामध्ये, पण हाउसच्या बाहेर असलेला प्रतिस्पर्ध्याचा आडोशाचा दगड खेळातून उडवता येत नाही. नवख्याने पहिल्या दिवशी हा नियम डोक्यात ठेवायची गरज नाही. तो सांभाळायला स्किप म्हणजे संघनायक असतो.

दगड सोडणे : उजव्या हाताचा खेळाडू उजवा पाऊल हॅकमध्ये रोवतो. डाव्या बुटाच्या तळाला ‘स्लायडर’ म्हणजे टेफ्लॉनसारख्या निसरड्या पदार्थाचा थर असतो, तर उजव्या बुटाला पकड देणारा रबरी ‘ग्रिपर’. डाव्या हातात ब्रश किंवा तोल सांभाळण्यासाठी खास चौकट घेतात. दगड किंचित मागे घ्यायचा, हॅकमधल्या पायाने रेटा द्यायचा आणि डाव्या पावलावर शरीराचा भार ठेवून दगडामागोमाग घसरत जायचे. दगड जवळच्या हॉग लाइनला पोहोचण्याआधी हातातून सुटलाच पाहिजे. दुसऱ्या बाजूची हॉग लाइन त्याने पूर्ण ओलांडली नाही, तर तो बाद होऊन उचलला जातो. वाटेत दुसऱ्या एखाद्या खेळातल्या दगडाला लागला असेल तरच त्यातून सूट मिळते.

इथे बहुतेकांची एकच चूक होते. पलीकडचे हाउस फार दूर दिसते आणि माणूस दगड हाताने ढकलू लागतो. हाताच्या धक्क्याने दगडाची दिशा ढळते आणि वेगाचाही भरवसा राहत नाही. वेग पायाच्या रेट्यातून यायला हवा. हाताने फक्त नेम धरायचा आणि सोडताना दगडावरच्या मुठीला हलकेसे वळण द्यायचे. दणकट माणसांना हे पटायला वेळ लागतो, त्यामुळे एकाच वर्गात शिकणाऱ्या किडकिडीत मुलीचे दगड त्यांच्यापेक्षा नेटके पडताना हमखास दिसतात. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरिया स्कॉटलंडच्या दौऱ्यावर असताना स्कोन राजवाड्यातील नृत्यगृहाच्या लाकडी फरशीवर तिला हा खेळ दाखवण्यात आला. तिने स्वतः दगड टाकून पाहिला, पण तो तिला पेलला नाही, असे वर्णन मिळते. पायांना हॅक नाही, खाली बर्फ नाही, सगळी मदार हातावर. तिथे दुसरे काय होणार?

दगड का वळतो : सोडताना दिलेल्या फिरकीमुळे दगड सरळ न जाता बाजूला झुकत जातो. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणारा दगड उजवीकडे वळतो, उलट दिशेने फिरणारा डावीकडे. वेग मंदावला की हे वळण अधिक स्पष्ट होते. यातली मौज अशी, की पालथा घातलेला काचेचा पेला टेबलावर फिरवत सरकवला तर तो नेमका उलट्या बाजूला जातो. दगड वेगळा का वागतो यावर भौतिकशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. घर्षणाने दगडाच्या पुढच्या भागाखालचा बर्फ किंचित तापतो आणि तिथला विरोध घटतो, असे काहींचे म्हणणे. दगडाच्या खरबरीत कडेने पेबलवर उमटवलेले बारीक ओरखडेच मागच्या कडेला वाट दाखवतात, असे स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडले. खेळणाऱ्याला यातून एवढेच घ्यायचे: फिरकी हळुवार असावी. पट्टीभर प्रवासात दोन-तीन फेरे पुरतात. जोरात गरगरवलेला दगड जास्त वळत नाही, उलट सरळच जातो. आणि अजिबात फिरकी न दिलेला दगड कुठे जाईल हे कोणालाच सांगता येत नाही.

ब्रश चालवणे : दगड वाटेत असताना त्याच संघाचे दोन खेळाडू त्याच्यापुढचा बर्फ ब्रशने जोरजोरात घासतात. त्यामुळे पृष्ठभाग क्षणभर किंचित तापतो, घर्षण कमी होते, दगड काही मीटर पुढे जातो आणि त्याचे वळणही कमी होते. म्हणजे सुटलेल्या दगडाचा वेग आणि मार्ग नंतरही काही अंशी दुरुस्त करता येतो. अर्थात दुरुस्ती एकाच बाजूने होते: कमी जोराचा दगड पुढे नेता येतो, जास्त जोराचा मागे खेचता येत नाही. दूरचित्रवाणीवर हास्यास्पद वाटणारे हे काम प्रत्यक्षात दम काढणारे आहे. कर्लिंगमध्ये व्यायाम होत नाही अशी समजूत असलेल्याने ओळीने चार दगडांपुढे ब्रश चालवून पाहावा. ब्रशच्या कापडाचा परिणाम इतका मोठा असतो, की २०१५-१६ च्या हंगामात दगडाला जवळजवळ हवे तसे वळवणाऱ्या नव्या ब्रशांवरून मोठा वाद उठला आणि त्यानंतर जागतिक संघटनेने कापडाचा दर्जा ठरवून दिला.

नवख्याने ब्रश चालवताना दोन्ही पायांना ग्रिपर ठेवावेत. ब्रशवर भार टाकल्यामुळे तोलही सावरला जातो, त्यामुळे बर्फावर वावरण्याचा धीर याच कामातून सर्वांत लवकर येतो.

पहिल्या दिवसाची तयारी : खास पोशाख लागत नाही. गुडघे पूर्ण वाकवता येतील अशी ताणली जाणारी विजार, उबदार पण सैल नसलेले कपडे, पातळ हातमोजे आणि स्वच्छ तळव्यांचे बूट पुरेत. बाहेर वापरलेले बूट चालत नाहीत. खड्याचा एक कण बर्फावर पडला तरी दगडाची दिशा बिघडते. दगड, ब्रश आणि बुटावर चढवायचे स्लायडर सहसा क्लबकडूनच मिळतात.

दुखापती कमी होतात, पण होतात त्या बहुधा मागे पडून डोके आपटल्याने. म्हणून नवख्यांनी हेल्मेट किंवा आतून गादी असलेली टोपी घालावी, त्यात संकोच नको. बर्फावर उतरताना ग्रिपरचा पाय आधी टाकायचा आणि बर्फावरून बाहेर येतानाही स्लायडरच्या पायावर भार द्यायचा नाही. पाठमोरे चालायचे नाही. अंगावर येणारा दगड हाताने वा पायाने अडवायचा नाही, बाजूला व्हायचे; दोन दगडांच्या मध्ये बोट सापडणे ही काही गमतीची गोष्ट नाही.

संघातील जागा : लीड, सेकंड, थर्ड आणि स्किप असा दगड टाकण्याचा क्रम असतो. नवख्याला बहुधा लीडची जागा देतात. तेव्हा पट्टी मोकळी असते, दगडांच्या गर्दीतून वाट काढावी लागत नाही, आणि नंतरच्या दगडांपुढे ब्रश चालवत बर्फ ओळखता येतो. तरीही ती दुय्यम जागा नव्हे. लीडचे दोन्ही दगड फसले की स्किपच्या हाती डावपेच म्हणून फारसे काही उरत नाही. स्किप समोरच्या हाउसमध्ये उभा राहून ब्रशने नेम दाखवतो. तो दाखवतो ती जागा दगड थांबण्याची नसते, दगड ज्या दिशेने सोडायचा ती असते. वळण हिशेबात धरून ती बाजूला निवडलेली असते. पहिल्या काही दगडांत ही गल्लत होणारच.

रीतभात : सामन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही संघ परस्परांशी हात मिळवतात. आपला ब्रश किंवा बूट चालत्या दगडाला लागला तर पंचाची वाट न पाहता स्वतःहून सांगायचे असते. क्लबच्या सामन्यांत पंच नसतोच. डावाअखेर गुण कोणाचे हे दोन्ही संघांचे थर्ड आपसात ठरवतात. प्रतिस्पर्ध्याचा दगड चुकल्यावर आनंद दाखवणे वाईट दिसते. भरून निघणार नाही इतकी पिछाडी असेल तर शेवटच्या डावापर्यंत न ताणता हात पुढे करून हार मान्य करणे सभ्यपणाचे समजतात. खेळानंतर दोन्ही संघांनी एका टेबलाभोवती बसायचे, ही परंपरा जुनी आहे. अनोळखी माणूस या खेळात लवकर रुळतो त्याचे निम्मे श्रेय मला वाटते या टेबलाला जाते.

इतिहास : स्कॉटलंडमधील पेझ्ली येथील मठाशी संबंधित १५४१ च्या एका लॅटिन नोंदीत बर्फावर दगड सरकवण्याच्या आव्हानाचा उल्लेख सापडतो. तेव्हा हा खेळ गोठलेल्या तळ्यांवर, नदीतून उचललेल्या ओबडधोबड दगडांनी होई. १८०७ मध्ये माँट्रिऑल येथे क्लब स्थापन झाला. १८३८ मध्ये एडिंबरो येथे ग्रँड कॅलेडोनियन कर्लिंग क्लब निघाला आणि त्याने नियमांना एकसारखेपणा आणला. स्कोनच्या प्रसंगानंतर, १८४३ मध्ये, त्याच्या नावात ‘रॉयल’ आले. दगडामागे लांबवर घसरत जाण्याची आजची शैली विसाव्या शतकात कॅनडात रुजली. १९२४ च्या शामनी येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये कर्लिंग होते, पण त्या स्पर्धेला अधिकृत पदकस्पर्धेचा दर्जा असल्याचे २००६ मध्ये स्पष्ट झाले. मधल्या काळात ते केवळ प्रात्यक्षिक म्हणून येत राहिले आणि १९९८ मध्ये नागानो येथे स्त्री-पुरुष दोन्ही गटांत नियमित पदकस्पर्धा म्हणून परतले.

अन्य प्रकार : मिश्र दुहेरीत एक स्त्री आणि एक पुरुष असा संघ असतो. प्रत्येक संघाचा एक दगड आधीच पट्टीवर मांडून ठेवतात आणि उरलेले पाच टाकतात. सामना आठ डावांचा. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार २०१८ मध्ये प्याँगचँग येथे आला. चारजण जमवणे अवघड असते तिथे क्लबांनाही तो सोयीचा पडतो, मात्र दोघांनाच सगळे ब्रशकाम करावे लागत असल्याने नवख्यांना तो दमवतो. व्हीलचेअर कर्लिंग २००६ च्या तुरिन स्पर्धेपासून पॅरालिंपिकमध्ये खेळले जाते. त्यात ब्रश चालवत नाहीत, त्यामुळे दगड सुटताक्षणीच त्याचे भवितव्य ठरते, आणि अचूकतेची कसोटी चौघांच्या नेहमीच्या खेळापेक्षा कडक असते. त्यात वापरतात तशी, दगडाच्या मुठीत अडकवायची लांब काठी अनेक क्लबांत गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्यांनाही दिली जाते. वाकायचे नाही, घसरायचे नाही. उभ्याने दगड काठीने पुढे नेऊन सोडायचा. बाकीचे सर्व नियम बहुतांशी तेच राहतात.