पर्लमधलं यूज आणि रिक्वायर: घोळ वेळेचा आहे

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत मॉड्यूल, म्हणजे तयार कोडची फाईल, यूजनेही लोड होतं आणि रिक्वायरनेही, हे पर्लवाल्याला सांगायला नको. डोकं फिरतं ते ‘रिक्वायर म्हणजे जुन्या पद्धतीचं यूज’ असं कुणी ठोकून दिलं की. जुन्या-नव्याचा इथे काही संबंध नाही.

आमच्याकडे कोकणात मिरगाआधी आगोटीची बेगमी होते: सुकट, सोडे, आमसुलं, लाकडं. पावसात पाहुणा येवो न येवो, जिन्नस घरात आलेले असतात. यूज तसं. फाईल कंपाईल होताना, म्हणजे चालवण्याआधी पर्ल ती वाचून तयार करतं तेव्हा, यूजची ओळ दिसली की पर्ल तिथल्या तिथे मॉड्यूल आणतं. प्रोग्राम अजून चालायलाही लागलेला नसतो. रिक्वायर मात्र चालता चालता त्या ओळीवर पोचल्यावरच.

म्हणून इफच्या, म्हणजे अटीच्या, आत यूज लिहून ‘गरज पडली तरच लोड होईल’ समजणारे आपटतात. मीही आपटलोय. रत्नागिरीत बसून आंब्याच्या पेट्यांची बिलं करणारी स्क्रिप्ट लिहिली, पीडीएफचं यूज इफच्या आत. माझ्याकडे झकास चालली. वेंगुर्ल्याच्या मशीनवर ते मॉड्यूल नव्हतं. पीडीएफ कुणी मागितलीच नव्हती, तरी पहिल्या पेटीआधीच स्क्रिप्ट आडवी! एररच्या शेवटी ‘बिगिन फेल्ड’. तो शब्दच चुगली करतो: यूज म्हणजे बिगिन ब्लॉकमध्ये (कंपाईल होतानाच चालणाऱ्या तुकड्यात) घातलेलं रिक्वायर आणि पाठोपाठ इम्पोर्ट, म्हणजे मॉड्यूलमधली नावं आपल्या कोडात आणणं. तिथे तुमच्या इफला विचारतो कोण?

मग एखादा शहाणा ‘यूज इफ’, म्हणजे अट लावलेलं यूज, सुचवतो. तेही कंपाईल होतानाच चालतं. अट पर्लच्या आवृत्तीची किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची असेल तर ठीक. पण अटीत स्क्रिप्टमधलंच व्हेरिएबल असेल, तर त्या घडीला ते नुसतं जाहीर झालेलं असतं, किंमत पडायची असते. अट खोटी ठरते आणि मॉड्यूल येतच नाही.

मी सरळ इफच्या आत रिक्वायर लिहितो आणि फंक्शनला मॉड्यूलच्या पूर्ण नावानिशी, कंस घालून हाक मारतो. रिक्वायर इम्पोर्ट करत नाही. ते हाताने करता येतं, पण तोवर फाईल कंपाईल होऊन गेलेली असते, त्यामुळे बिनकंसाची हाक आधीच अडकते. बाकी नेहमीची सगळी मॉड्यूल्स फाईलच्या माथ्यावर, यूजनेच.

उरलेलं किरकोळ. यूज आणि रिक्वायर, दोघंही तेच मॉड्यूल दुसऱ्यांदा लोड करत नाहीत. फाईल चालवणारी तिसरी आज्ञा, डू, मात्र दर वेळी ती नव्याने चालवते. पर्ल ५.२६ पासून, म्हणजे २०१७ पासून, मॉड्यूल शोधायच्या फोल्डरांच्या यादीत चालू फोल्डर आपोआप नसतो, दोघांसाठीही. आणि मॉड्यूलचं नाव अवतरणचिन्हांत घातलंत, तर रिक्वायर त्याच नावाची फाईल शोधत बसतं. मॉड्यूलच्या फाईलीचं डॉट पीएम हे शेपूट आपणहून जोडत नाही.