आधी घेरी की आधी मुंग्या?

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेत आमच्या वहिनी बोलता बोलता गप्प झाल्या. पहाटेपासून उभ्या, पोटात फक्त चहा. "घेरी याय लागलीया," एवढंच म्हणाल्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मग त्या घाबरल्या आणि धापा टाकायला लागल्या. ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या, दोन्ही हातांची बोटं चोचीसारखी आवळली. "लकवा मारतोय की काय!" मागून कुणीतरी ओरडलं. कांदा आला. दोघींनी काखेत हात घालून त्यांना उभंच धरून ठेवलं, आणि नेमकं तेच चुकलं.

आपण उभे राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पाय आणि ओटीपोटाकडे उतरतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलतात, रांगेत ते काम थांबतं. एरवी रक्तवाहिन्या आवळून आणि नाडी वाढवून शरीर निभावून नेतं. पण कधी उलटच होतं: व्हेगस मज्जातंतू हृदयाचा वेग उतरवतो, वाहिन्या सैलावतात, बीपी घसरतं आणि मेंदूला रक्त कमी पडतं. अशा वेळी माणूस आडवा पडला की रक्त आपोआप डोक्याकडे जातं. म्हणून झोपवायचं, पाय उचलून धरायचे.

मुंग्यांची गोष्ट वेगळी. धापा टाकून ऑक्सिजन फारसा वाढत नाही, निरोगी माणसाच्या रक्तात तो आधीच भरलेला असतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण 35 ते 45 मिलिमीटर पारा असतो. तो उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे घेरी आणखी वाढते. शिवाय रक्त अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना चिकटतं आणि नसा विनाकारण फुरफुरायला लागतात. त्या मुंग्या, ती आवळलेली बोटं यातूनच येतात. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याचा जुना उपाय मात्र करू नये. मूळ दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं असेल, तर तो जिवावर बेतू शकतो. श्वास सावकाश सोडायला सांगावं.

म्हणजे वहिनींना भीतीमुळे घेरी आली नव्हती, घेरीमुळे भीती आली होती. हा क्रम डॉक्टरांना सांगणं फार मोलाचं असतं, कारण "टेन्शन आहे" हा शिक्का आपल्याकडे फार लवकर बसतो, बायकांवर तर जरा जास्तच. हृदयाची एक लय अचानक दीडशेच्या पुढे धावते, बटण बंद करावं तशी थांबते, आणि नंतर काढलेला ईसीजी स्वच्छ येतो. अशा रुग्णांना वर्षानुवर्षं घाबरट ठरवलं जातं. त्रास चालू असतानाच नाडी मोजून ठेवावी. मधुमेहाची गोळी घेऊन उपवास केला असेल तर आधी साखर तपासावी. ती 70 च्या खाली गेली तरी घाम, थरथर, धडधड, ओठांना मुंग्या, सगळं असंच दिसतं.

छातीत दुखलं, जिना चढताना किंवा पळताना शुद्ध हरपली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर थांबायचं नाही. बधिरपणा एकाच बाजूला, तोंड वाकडं, बोलणं अडखळतं, असं असेल तर तो खरोखर लकवा असू शकतो, तडक दवाखाना.

वहिनी दहा मिनिटांत सावरल्या. पुढच्या आठवड्यात मीच रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन 9.1, बी-12 अगदी तळाला. तांबड्या-पांढऱ्याच्या गावात राहून त्या पक्क्या माळकरी, आणि दूध त्यांना लहानपणापासून आवडत नाही. मांस-दुधातून मिळणाऱ्या या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने रक्तही कमी होतं आणि नसाही दुखावतात. डॉक्टरांनी विचारल्यावर कळलं, सहा महिन्यांपासून त्यांच्या तळपायांना मुंग्या येत होत्या. त्यांनी त्यावर दोनदा चप्पल बदलली होती.