परदेशी विद्यापीठांचे अभ्यासदौरे : शिक्षकांचे पाठबळ (ग्रामीण विदर्भ)

परदेशी विद्यापीठाचे विद्यार्थी काही आठवडे किंवा एक सत्र दुसऱ्या देशात राहून शिकतात आणि त्या शिक्षणाचे श्रेयांक (क्रेडिट) त्यांच्या मूळ पदवीत धरले जातात, त्याला परदेश-अध्ययन कार्यक्रम म्हणतात. अमेरिकेत त्याची सुरुवात १९२३ साली झाली असे मानतात. त्या वर्षी डेलावेअर विद्यापीठाने आपली पहिली तुकडी फ्रान्सला पाठवली होती. आजच्या छोट्या दौऱ्यांत विद्यापीठाचा एखाददुसरा प्राध्यापक स्वतः तुकडी घेऊन येतो, शिकवतो आणि गुणही देतो. त्याला शिकवण्यापुरते मोकळे ठेवण्यासाठी यजमान संस्था, समन्वयक, दुभाषी आणि गाव मिळून जी व्यवस्था उभी करतात, तिचा विचार या नोंदीत केला आहे.

विदर्भात असे दौरे प्रामुख्याने ग्रामीण आरोग्य, कोरडवाहू शेती, आदिवासींचे वनहक्क आणि गांधीविचार या विषयांसाठी आखले जातात, कारण या विषयांची मूळ ठिकाणेच इथे आहेत. सेवाग्राम (१९३६ पासून गांधीजींचे निवासस्थान) आणि तिथले १९६९ चे वैद्यकीय महाविद्यालय, विनोबांचे पवनार, वरोऱ्याजवळचे आनंदवन (१९४९), हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प (१९७३), डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्था, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारे मेंढा (लेखा), मेळघाटातली कोरकू गावे, यवतमाळचा कापूसपट्टा ही त्यांतली ठळक नावे.

शिक्षकावरचा भार

आपल्या विद्यापीठात प्राध्यापक तास घेतो आणि घरी जातो. दौऱ्यावर तोच शिक्षक, वॉर्डन, रोखपाल आणि रात्री ताप आलेल्या मुलाचा पालकही असतो. दौरे कोलमडतात ते बहुधा विषयाच्या अज्ञानाने कोलमडत नाहीत. गाडीवाल्याचे पैसे, कुणाचा हरवलेला पासपोर्ट, कुणाचे पोट, जेवणाच्या तक्रारी या सगळ्यात दिवस जातो आणि संध्याकाळच्या चर्चेला शिक्षक थकून बसतो. म्हणून पाठबळाची पहिली कसोटी सरळ आहे : दिवसातले किती तास शिक्षकाला विषयासाठी मिळतात?

पंधरा विद्यार्थ्यांमागे दोन प्राध्यापक असावेत. एकच असेल तर तो आजारी पडताच अभ्यासक्रम थांबतो. स्थानिक बाजूने निदान तीन माणसे वेगवेगळी लागतात : गाव, पोलीस आणि दवाखाना यांच्याशी संबंध ठेवणारा समन्वयक, मुक्काम-जेवण-गाड्या पाहणारा, आणि दुभाषी. पैसे वाचवण्यासाठी ही तिन्ही कामे एकाच तरुणाच्या गळ्यात घातली की तिसऱ्या दिवसापासून भाषांतराचा दर्जा घसरतो, कारण तो रात्री उशिरापर्यंत किराणा आणि गाड्यांच्या मागे असतो. प्रत्येक प्राध्यापकाला आठवड्यातून अर्धा दिवस पूर्ण सुट्टी हवी. त्या वेळेत विद्यार्थ्यांचे फोन समन्वयकाने किंवा दुसऱ्या प्राध्यापकाने घ्यायचे. ही सुट्टी वेळापत्रकात लिहिलेली नसेल तर ती कधीच मिळत नाही.

काळ कोणता निवडावा

पाश्चात्त्य विद्यापीठांची मोठी सुट्टी मे ते ऑगस्ट असते आणि विदर्भासाठी नेमके तेच महिने अवघड. मे महिन्यात चंद्रपूर, वर्धा, नागपूर या पट्ट्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. अकरा ते चार बाहेर काही करता येत नाही. गडचिरोलीत एप्रिलच्या अखेरीस तेंदूपत्ता सुरू झाला की माणसे पहाटेच जंगलात जातात, त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले असतात. मृग लागल्यावर पेरणीची घाई. जुलै-ऑगस्टमध्ये पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड बाकी जगापासून तुटते. पोळ्याच्या दिवशी कोणताही शेतकरी मुलाखतीला बसणार नाही, मात्र पोळा पाहण्यासाठीच दौरा आखला असेल तर तो दिवस सोन्यासारखा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. कापसाची वेचणी चालू असते, तूर उभी असते, गहू-हरभरा शेतात असतो आणि संत्र्याचा आंबिया बहार बाजारात येतो. जानेवारीच्या छोट्या सत्रासाठी येणाऱ्या तुकड्यांना हे सोयीचे पडते. रात्री गारठा असतो. परदेशी पाहुणे ‘भारत म्हणजे उकाडा’ या समजुतीने स्वेटर आणत नाहीत, तेव्हा माणशी दोन ब्लँकेट तयार ठेवावीत. मे टाळता येतच नसेल तर तास सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर घ्यावेत आणि दुपार वाचनासाठी ठेवावी. पिण्याचे पाणी माणशी रोज चार-पाच लिटर धरावे. वीस माणसांना त्या हिशेबाने २० लिटरचे पाच जार लागतात, आणि वीज गेली की जारवाल्याचा प्लांटही बंद असतो, म्हणून एक दिवसाचा साठा आधीच घेऊन ठेवणे बरे.

कागदपत्रे

परदेशी पाहुणा जिथे मुक्कामाला उतरतो, मग ते हॉटेल असो, आश्रम असो वा कुणाचे घर, त्या यजमानाला २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. ‘सी फॉर्म’ या नावाने ती ओळखली जाते. गावात घरोघरी मुक्काम ठेवताना हीच गोष्ट विसरली जाते आणि मग पोलीस ठाण्यात खुलासे करण्यात अभ्यासाची एक सकाळ जाते. दौऱ्याच्या आधी ठाणेदाराला आणि गावच्या पोलीस पाटलाला यादीसह पत्र द्यावे. गडचिरोलीत जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयालाही कळवावे. मेळघाट आणि ताडोब्याच्या व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनखात्याची परवानगी वेगळी.

व्हिसाचा प्रकार कामाशी जुळला पाहिजे. गाव पाहणे, व्याख्यान ऐकणे ही एक गोष्ट. प्रश्नावली घेऊन माहिती गोळा करणे आणि ती प्रसिद्ध करणे हे संशोधन, आणि ते पर्यटक व्हिसावर चालत नाही. आरोग्यविषयक संशोधनात परदेशी भागीदार असेल तर स्थानिक नैतिकता समितीबरोबरच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. प्राध्यापकाच्या मनात ‘हा तर विद्यार्थ्यांचा गृहपाठ’ असे असते, म्हणून ही सीमारेषा समन्वयकाने पहिल्याच पत्रव्यवहारात स्पष्ट करावी.

सामानाचीही सूचना आधी पाठवावी. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी गिर्यारोहकांची छोटी यंत्रे भारतात परवानगीशिवाय आणता येत नाहीत. कित्येक परदेशी विद्यापीठे ‘सुरक्षेसाठी’ म्हणून तीच शिक्षकाच्या हातात देतात आणि विमानतळावर तो अडकतो. ड्रोनचेही तसेच, आणि ई-सिगारेटवर तर पूर्ण बंदी आहे. नेहमीच्या औषधांसोबत डॉक्टरची चिठ्ठी असावी.

दुभाषी आणि गावातले तास

शिक्षकाला सर्वांत जास्त उपयोगी पडणारा माणूस म्हणजे दुभाषी. पुण्याहून आणलेला इंग्रजीत तरबेज माणूस इथे कमी पडतो. अमरावती-अकोल्याकडे वऱ्हाडी, पूर्वेकडे भंडारा-गडचिरोलीत झाडीबोली, त्यापलीकडे गोंडी आणि माडिया, मेळघाटात कोरकू, यवतमाळात कोलामी. जवळच्या समाजकार्य महाविद्यालयातील एम.एस.डब्ल्यू.चे विद्यार्थी हे काम उत्तम करतात, पण त्यांना दोन दिवस आधी विषय, शब्द आणि प्रश्न देऊन तयार करावे लागते.

भाषांतराने वेळ दुप्पट लागतो. तासाभराच्या भेटीत मजकूर अर्ध्याच तासाचा होतो, हे प्राध्यापकाने पाठयोजना करतानाच धरले पाहिजे. चाळीस मिनिटांनी दुभाषी बदलावा. एका घरात सहापेक्षा जास्त विद्यार्थी नेऊ नयेत. पंधरा जण अंगणात उभे राहिले की घरची बाई पदर सावरून आत जाते आणि बोलायला नवरा किंवा सरपंच उरतो.

प्रश्न कसे विचारावेत हे आदल्या संध्याकाळी प्राध्यापक आणि दुभाषी यांनी एकत्र बसून ठरवावे. ‘तुमचे महिन्याचे उत्पन्न किती?’ या प्रश्नाला कोरडवाहू शेतकऱ्याकडे खरे उत्तर नसते, कारण पैसा महिन्याने येतच नाही. ‘औंदा कापूस किती झाला, पहिला वेचा केव्हा निघाला, कोणाला विकला, बियाण्या-खतांची उधारी किती होती’ असे धरत गेले की वर्षाचा सगळा ताळेबंद आपोआप समोर येतो. वेचणीच्या हंगामात बायका दिवसभर शेतात असतात, तेव्हा त्यांच्याशी बैठक रात्री आठनंतर किंवा शेतावरच, काम न थांबवता. आठवडी बाजाराच्या दिवशी बैठक ठेवूच नये. त्या दिवशी विद्यार्थ्यांना बाजारातच न्यावे.

आशा कार्यकर्ती, ग्रामसभेचा अध्यक्ष, बियाणे राखणारी शेतकरी बाई हे या अभ्यासक्रमाचे शिक्षकच आहेत. पाहुण्या प्राध्यापकाला मानधन मिळते, तसे यांनाही मिळावे, आणि पाठ्यक्रमाच्या कागदावर त्यांच्या संमतीने त्यांचे नाव यावे. एकाच गावात दरवर्षी नवी तुकडी तेच प्रश्न विचारत गेली तर गाव कंटाळते आणि ठरीव उत्तरे देऊ लागते. यावर चांगला उपाय म्हणजे आधीच्या तुकडीच्या नोंदी नव्या तुकडीला वाचायला देणे आणि पुढचे प्रश्न तिथून सुरू करणे. विद्यार्थ्यांनी भावनेच्या भरात ‘आम्ही हातपंप बसवून देऊ’ असे म्हणू नये याची जबाबदारी प्राध्यापकाची. गाव ते वचन वर्षानुवर्षे लक्षात ठेवते. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत.

अध्यापनाची सोय

अमेरिकी पद्धतीत एका श्रेयांकाला साधारण १५ तासिका धरतात, म्हणजे तीन श्रेयांकांना ४५. पुष्कळ विद्यापीठे क्षेत्रभेटीचे दोन-तीन तास वर्गातल्या एका तासाबरोबर मोजतात. हा हिशेब तीन आठवड्यांत बसवण्याच्या नादात दिवसाला चार भेटी आखल्या जातात. दोन भेटी आणि संध्याकाळी ४५ मिनिटांची चर्चा यापलीकडे जाऊ नये.

वाचनाचे साहित्य पेन ड्राइव्हवर आणि थोडे छापून ठेवावे. नेटवर्कच्या भरवशावर वर्ग चालत नाही. इथला वीजपुरवठा २३० व्होल्टचा आहे, अमेरिकेतून आणलेली केवळ ११०-१२० व्होल्टची उपकरणे जळतात. परदेशी कार्डे तालुक्याच्या एटीएममध्ये हमखास चालतील असे नाही, म्हणून नागपुरातच रोकड आणि सिमकार्डे घ्यावीत.

मूळ विद्यापीठाशी बोलण्याची वेळ ठरलेली असावी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळचे नऊ म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसात, पश्चिम किनाऱ्यावर नऊ म्हणजे रात्रीचे साडेदहा. मानसिक ताणात असलेल्या विद्यार्थ्याला तिकडच्या समुपदेशकाशी बोलायचे असते आणि बहुधा सिग्नल फक्त गच्चीवर मिळतो, जिथे बाकीची मुले बसलेली असतात. दार लावता येईल आणि सिग्नल मिळेल अशी एक खोली मुक्काम ठरवतानाच शोधून ठेवावी. ती नसेल तर समुपदेशकाचे काम शिक्षकावर येते आणि ते त्याने करू नये.

आजार व अपघात

पहिल्याच दिवशी प्रत्येक शिक्षकाच्या हाती एक पान द्यावे : जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, मोठे रुग्णालय (वर्धा परिसरात सेवाग्राम किंवा सावंगी, त्यापुढे नागपूर), रात्री येणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२.

कुत्रा चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. खोल जखमेला इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते आणि ते प्रत्येक केंद्रात नसते, म्हणून ते कुठे मिळते हे आधी विचारून ठेवावे. रेबीजची पूर्वलस (कुत्रा चावण्याआधीच घ्यायची लस) पूर्ण झालेल्याला इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. त्याला लगेच एक आणि त्यानंतर तीन दिवसांनी एक असे लसीचे दोन डोस पुरतात. मण्यार (विषारी साप) रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि तिच्या दंशाला सूज-वेदना जवळजवळ नसते. खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हा त्यावरचा साधा इलाज. गडचिरोलीत मलेरियासाठी ती तशीही लागतेच. सापाच्या दंशावर चिरा देणे, आवळून बांधणे यात वेळ घालवू नये, थेट सर्पविषावरची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे.

हिशेब

परदेशी विद्यापीठाच्या लेखा विभागाला प्रत्येक खर्चाची पावती हवी असते. बैलबंडीवाला किंवा भाकरी करणाऱ्या बचतगटाच्या बायका पावतीपुस्तक बाळगत नाहीत. मराठी-इंग्रजी छापील व्हाउचर, त्यावर सही वा अंगठा आणि ५,००० रुपयांवरच्या रकमेला एक रुपयाचे महसुली तिकीट, एवढ्याने काम भागते. हे काम मुक्काम पाहणाऱ्याने रोज रात्री उरकावे. शेवटच्या दिवशी शिक्षकाने चिठ्ठ्या जुळवत बसणे टाळता येते.

यजमान स्वयंसेवी संस्था असेल तर सेवेचे शुल्क आणि देणगी यांची सरमिसळ होऊ देऊ नये. शुल्क करारानुसार बिल देऊन घेता येते, देणगीसाठी मात्र २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखालील नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले खाते लागते. गावकऱ्यांचे मानधन तुकडी गाव सोडण्याआधी दिले जावे. ‘विद्यापीठाकडून रक्कम आली की देऊ’ असे ठरले तर ते महिनोन्महिने लांबते. विद्यार्थ्यांच्या अहवालांचा दोन-तीन पानी मराठी गोषवारा समन्वयकाने पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी.